परड्यातली काळी वाळू

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरजवळ जुनं वर्कशॉप पाडून घर बांधलंय. परडं खणलं की काळी वाळू लागते. मेथी, कोथिंबीर लावावी का? मृद आरोग्य पत्रिकेत सगळं ठीक दिसतंय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती पत्रिका या कामाची नाही. तिच्यात नत्र, स्फुरद, सामू (मातीचा आंबटपणा), जस्त अशा 12 बाबी असतात. शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू नसतात.

वाळू बहुधा फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची, जळकी असावी. तिचा काळेपणा कोळशाच्या भुकटीचा, त्यावरून धातूंचा अंदाज बांधू नका. बिडाच्या ओतकामाच्या वाळूत शिसं सहसा कमी. पितळ-गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूंच्या वाळूत मात्र शिसं, तांबं, जस्त उतरतं. तिथे प्लेटिंग किंवा बॅटरीचं काम चालायचं का, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारा. प्लेटिंग असेल तर क्रोमियम, निकेलही तपासावं लागेल.

परड्यात 8-10 ठिकाणी सहा इंच खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती लाकडी पट्टीने खरवडा. प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा. जस्ती बादली नको, तिचंच जस्त नमुन्यात येतं. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून पाठवा. रस्त्याकडेच्या पट्टीचा नमुना वेगळा ठेवा: शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, वरच्या थरात बसलेलं शिसं तिथेच आहे. प्रयोगशाळेला 'एकूण शिसं' असं स्पष्ट सांगा.

अमेरिकेने 2024 मध्ये घराच्या आवारातल्या मातीसाठी किलोला 200 मिलिग्रॅम शिसं ही सावधगिरीची पातळी ठरवली. आकडा त्यावर गेला तर पालेभाजी, मुळा, गाजर त्या मातीत नकोच. खाली जाड कापड अंथरून फूटभर उंच वाफा करा आणि स्वच्छ माती-कंपोस्ट भरा. जुनी रंगवलेली फळकुटं कडेला लावू नका, त्या रंगातच शिसं असू शकतं. आकडा थोडाफार वर असेल तर जमिनीत वांगी, दोडका चालतील; फळात धातू कमी पोचतात. उघडी माती पालापाचोळ्याने झाका, पोरांच्या हाता-तोंडातून जाणारी धूळ भाजीपेक्षा जास्त त्रासाची. आणि सामू उतरवायला गंधक टाकायच्या फंदात पडू नका. आंबट मातीत कॅडमियम मोकळं होऊन पिकात चढतं.

प्रश्न : भाजी नीट शिजवली तर हे धातू जातात ना?

उत्तर : नाही. उष्णतेने जंतू मरतात, शिसं तसंच राहतं. पानांवरची धूळ तीन पाण्यांनी धुतल्यावर जाते, आणि बराचसा भार त्या धुळीतच असतो.