प्लेस्टेशन की पीसी?

प्रश्न : बजेट साठ हजार. मुलाला प्लेस्टेशन ५ घ्यावा की गेमिंग पीसी? लाइट सारखी जाते. – एक पालक, निपाणी

उत्तर : नुसते गेमच खेळायचे तर प्लेस्टेशन घ्या, त्या पैशात तेवढ्या ताकदीचा पीसी बसत नाही. फक्त बहुतेक विकतच्या गेमना ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची (प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेची) वर्गणी पडते. पीसीवर ती भानगड नाही, शिवाय अभ्यासही होतो.

बजेट वाढवून रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचा पीसी घेतलात, तर रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच. मदरबोर्डला लावली तर स्क्रीन काळी, कारण ५६००मध्ये ग्राफिक्सच नाही. लाइट जाते म्हणून यूपीएसही हवा. ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस साधारण ३६० वॅटचा. बॅटरी जुनी झाली की ऐन गेममध्ये ट्रिप होतो. ११०० व्हीएचा घ्या.