घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण आणि प्रोसेसरवरचा ताण

प्रश्न : चतुर्थीसाठी आम्ही घरीच आरत्या ध्वनिमुद्रित करीत आहोत. घुमट व शामेळ ही चर्मवाद्ये, झांजेसारखे कासाळे आणि गाणाऱ्यांचे आवाज माइकवर घेतो. हार्मोनियम, तानपुरा व व्हायोलिनचा ताफा मात्र लॅपटॉपमधील आभासी वाद्यांतून वाजवतो. पाच-सहा ट्रॅक झाले की आवाज तडतडतो आणि कधी मध्येच तुटतो. नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : खरेदीची घाई करू नये. माइकवर घेतलेला घुमट संगणक नुसता वाचून दाखवतो, पण आभासी हार्मोनियमचा प्रत्येक स्वर त्याला दर वेळी नव्याने घडवावा लागतो. त्यामुळे ज्या वाद्याचे वादन पक्के झाले, तो ट्रॅक ताबडतोब ‘फ्रीझ’ करावा. सॉफ्टवेअर त्याची तात्पुरती ऑडिओ फाइल तयार करते आणि त्या वाद्याचा प्रोसेसरवरील भार जवळजवळ नाहीसा होतो. मूळ स्वरनोंदी सुरक्षित राहतात, म्हणून पुढे फेरफारही करता येतो. आरती शेवटाकडे द्रुत होत जाते. ती लय आधी ठरवून घ्यावी, कारण नंतर ती बदलायची झाल्यास फ्रीझ काढून पुन्हा करावे लागते.

दुसरी गोष्ट बफरची, म्हणजे संगणक एका वेळी ध्वनीचा जेवढा तुकडा हाताळतो त्याची. तो मोठा असला की प्रोसेसरला सवड मिळते, पण आवाज उशिरा येतो. ४४,१०० हर्ट्‌झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ध्वनीच्या किती मोजण्या होतात तो दर) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद आणि १,०२४ चा म्हणजे सुमारे २३. कीबोर्डवर हार्मोनियम वाजवताना बफर लहानच हवा, नाहीतर बोट पडल्यावर स्वर मागाहून येतो; ट्रॅकचे मिश्रण करताना मात्र तो खुशाल मोठा ठेवावा. घुमट घेतानाही लहान बफरची गरज नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ऑडिओ इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर) ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ची सोय असेल, तर वादकाला स्वतःचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनमध्ये मिळतो. त्या वेळी सॉफ्टवेअरमधील मॉनिटरिंग बंद ठेवावे, म्हणजे आवाज दुहेरी ऐकू येणार नाही.

प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा देणारा परिणाम) लावला असल्यास ते सगळे काढून एकच सामाईक रिव्हर्ब ठेवावा आणि हव्या त्या ट्रॅकचा आवाज ‘सेंड’ने तिकडे पाठवावा. भार तर कमी होतोच, शिवाय सारी मंडळी एकाच माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसून गात असल्यासारखे वाटते, आणि आरतीला तेच शोभते. व्हायोलिनच्या ताफ्यात एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची मर्यादाही कमी करून पाहावी. सॅम्पल रेट ९६,००० ठेवला असेल, तर तो ४४,१०० किंवा ४८,००० करावा; दर दुप्पट केला की गणनेचे कामही साधारण दुप्पट होते.

एवढे करूनही व्हायोलिनच अडखळत असेल, तर दोष प्रोसेसरचा नसून रॅमचा किंवा जुन्या हार्ड डिस्कचा असण्याचा संभव अधिक. ही वाद्ये ध्वनिनमुन्यांवर चालतात आणि ते नमुने वाजताना डिस्कवरून वाचले जातात. नमुने एसएसडीवर (अधिक जलद डिस्कवर) हलवणे हा नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे.