आई तेव्हा आजारी होती की नुसतीच भांडखोर होती?

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. तू मला मावशी म्हटलंयस तेव्हा मी सरळ अगं-तुगंच करते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, हिचं वय 54, आईला अल्झायमर होता, आई जाऊन दीड वर्ष झालं, आणि आता हिच्या वाचनात आलं की मेंदूतले बदल लक्षणांच्या 15-20 वर्षं आधीच सुरू होतात. नेमकं त्याच काळात हिची आणि आईची रोज जुंपायची, त्यामुळे "आई आजारी होती आणि मी तिच्याशी भांडत बसले" म्हणून हिची झोप उडालीये. वर धाकटा भाऊ मागे लागलाय की दोघं रक्ताची टेस्ट करून घेऊ, हिला नकोय, तर तो घाबरट म्हणतो.

तू वाचलंस ते खोटं नाहीये. अमायलॉइड नावाचं प्रोटीन मेंदूतल्या पेशींच्या बाहेर साचत जातं, मग टाऊ नावाचं दुसरं प्रोटीन पेशींच्या आत गुंता करून बसतं, आणि नव्या आठवणी जिथे तयार होतात त्या हिप्पोकॅम्पसच्या आसपास हा गुंता लवकर दिसायला लागतो. पण इतकं सगळं आत चालू असताना माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असू शकतो, मेंदू दुसऱ्या वाटांनी काम भागवून नेतो, आणि काहींच्या बाबतीत तर शेवटपर्यंत नेतो. अमेरिकेत 1986 साली नन्सचा एक अभ्यास सुरू झाला, त्यात 678 जणींनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यातल्या एक सिस्टर मेरी, 101 व्या वर्षी गेल्या, जायच्या आधीपर्यंत बुद्धीच्या टेस्टमध्ये उत्तम मार्क, आणि नंतर मेंदू तपासला तर अमायलॉइडच्या गाठी आणि टाऊचे गुंते अगदी भरपूर! म्हणजे मेंदूत बदल आहेत आणि माणूस आजारी आहे या दोन गोष्टी एक नाहीत.

आता तुझ्या आईचं. निदान झालं 73 व्या वर्षी, आणि ज्या भांडणांवरून तू रडतेयस ती आई 58-60 ची असतानाची, तू नोकरी सोडलीस त्यावरून. त्या काळात घराचे सगळे हिशोब तीच बघायची आणि तुझी 3 वर्षांपूर्वीची चूक तारखेसकट काढायची, हे तूच लिहिलंयस. अगं, तारखेसकट! तिचा मुद्दा तिला पक्का माहीत होता, तुझा तुला, आणि दोघी सारख्याच हट्टी. तेव्हाही तिच्या मेंदूत काही साचत असेल, नसेल, पण म्हणून तिचा स्वभाव मागे जाऊन आजाराच्या खात्यात टाकू नकोस, तो तिचा स्वतःचा होता.

निदानाच्या आधीची दोन वर्षं मात्र वेगळी. ती एकच प्रश्न सारखा विचारायची आणि तू "आत्ताच सांगितलं ना" म्हणून ओरडलीस, तो बहुतेक आजारच होता. तुला माहीत नव्हतं, डॉक्टरही तेव्हा वयामुळे होतं म्हणाले होते. पण त्याचं वाईट वाटणारच, तेवढं मी काही काढून घेऊ शकत नाही.

भावाचं बोलू. तो म्हणतोय ती पी-टाऊ 217 ची टेस्ट असणार, म्हणजे त्याच टाऊचा एक प्रकार रक्तात मोजणारी. अशा पहिल्या रक्ततपासणीला अमेरिकेत 2025 च्या मे महिन्यात मंजुरी मिळाली ती 55 आणि त्यापुढच्या, आणि लक्षणं दिसतायत म्हणून डॉक्टरकडे आलेल्या लोकांसाठी, काहीच होत नसलेल्या माणसांनी सहज करून बघावी म्हणून नाही. समजा पॉझिटिव्ह आली, तर लक्षणं कधी येतील, येतील की नाही, हे ती टेस्ट सांगत नाही. मेंदूतलं अमायलॉइड कमी करणारी लेकॅनेमॅबसारखी औषधं आलीत, पण तीही सुरुवातीची लक्षणं असलेल्यांनाच देतात आणि त्यात मेंदूला सूज, रक्तस्राव असले धोके आहेत. मग तो कागद घेऊन तू करणार काय? मी तुझ्या जागी असते तर आत्ता केली नसती. त्याला करायची असेल तर करू दे, डॉक्टरशी नीट बोलून, पण आधीच ठरवून घे की रिपोर्ट तुला सांगायचा नाही, चेहऱ्यावरूनसुद्धा नाही. आणि मला विचारशील तर खरा घाबरलाय तो तोच.

तपासायची इतकीच हौस असेल तर कान तपासून घे. टीव्हीचा आवाज मोठा करतेस म्हणून मुलं ओरडतात असं तू सहज लिहून गेलीस, पण माझ्या मते पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती आहे. कमी ऐकू येणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, अशी 14 कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये मांडली, ती सगळी आटोक्यात आली तर डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर त्यातलाच) जवळपास 45 टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज आहे. नावं आठवत नाहीत म्हणतेस, त्यासाठी आधी बी-12 आणि थायरॉइड बघ, आणि चार महिने झोप नसेल तर कुणीही नावं विसरेल.

मुलांना आजीची भांडणं सांगायचं बंद केलंस ना? परत सुरू कर, तारखेसकट.