पेपरसाठी थांबू की निघू?

तुझा प्रश्न वाचला. डायलिसिसच्या पेशंटवरचा मेटाबोलोमिक्सचा (म्हणजे रक्तातले छोटे रेणू, मेटाबोलाइट्स, मोजण्याचा) पेपर रिव्ह्यूला आहे, तो येईपर्यंत मुंबईत थांबू की जर्मनीला पीएचडीला निघू. व्हिसा, एपीएस (डिग्री तपासल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी ठेवायचं खातं) सगळं साइटवर आहे, ते तू बघ.

निघ. पण आधी लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ, मस्करी नाही करत. मी इथे जर्मनीत येऊन ४ महिने झाले आणि रिव्ह्यूअरने विचारलं की रक्त घेतल्यापासून उणे ८० च्या फ्रीजरमध्ये टाकेपर्यंत किती वेळ गेला? बरोबरच होतं त्याचं, सॅम्पल बाहेर राहिलं की मेटाबोलाइट्स बदलतात, मग मशीनवर दिसतो तो आजार की आपला उशीर? वेळा लिहिलेल्या होत्या, पण वही तिकडे लॅबच्या कपाटात आणि चावीचा पत्ता नाही. ज्युनिअरने शेवटी फोटो पाठवले, अर्ध्या पानावर चहा सांडलेला. आणि पेपर आला तेव्हा पहिलं नाव त्याचं, माझं तिसरं! सरांना फोन केला तर म्हणे, "तू तर गेलीस ना." नावांचा क्रम ईमेलवर घे बाई.

एकटेपणाचं विचारलंयस. होतो. कुकर घेऊन ये.

मला छळतं ते वेगळंच. एक काकू यायच्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने सॅम्पलचा थर्माकोलचा डबा सांभाळत पोचायचे आणि त्या दर वेळी विचारायच्या, "काय गं, माझ्या रक्तात काय निघालं? चार तास मशीनवर असते तरी खाज का जात नाही?" मी म्हणायचे, सांगते काकू, रिझल्ट येऊ देत. आता थोडंफार सांगू शकले असते. उदाहरणार्थ इंडॉक्सिल सल्फेट, रक्तात साठणारा एक टाकाऊ पदार्थ: प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचं आतड्यातले बॅक्टेरिया इंडोल करतात, त्यापासून लिव्हर हे बनवतं, आणि ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला असं चिकटतं की डायलिसिसने नीट निघतच नाही. खाजेला कारणं बरीच असतात, पण मशीन सगळं काढत नाही एवढं तरी कळलं असतं त्यांना.

माझ्या एक्सेलमध्ये त्या फक्त ०१७ आहेत. नावांची यादी तिकडेच कुलपात, आणि ती तिकडेच राहायला हवी, तिचा फोटो नाही काढायचा.

तुझे पेशंट अजून येतात ना? त्यांना काय सांगता येईल ते गाईडला विचार आणि तिकीट काढायच्या आधी एकदा सकाळच्या शिफ्टला जाऊन ये, डबा न घेता.