एफ-७०० वरची सही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. सरावाच्या उड्डाणात तुमच्या स्क्वाड्रनचं विमान पडलं आणि त्या सकाळी एफ-७०० वर, म्हणजे विमान तपासल्याच्या नोंदीच्या फॉर्मवर, सही तुझी होती. दोघंही वैमानिक सुखरूप आहेत हे आधी शोधून वाचलं, मग बाकीचं. विमानाचा नंबर लिहिला नाहीस, बरं केलंस.

आपल्या निफाड तालुक्याला हे नवं नाही. २०१८ च्या जूनमध्ये वावी-ठुशीला सुखोई पडलं, मग ४ जून २०२४ ला शिरसगावला. दोन्ही वेळा वैमानिक वाचले. ४ जून म्हणजे लोकसभेच्या निकालाचा दिवस. मी पिंपळगावला कटिंगला बसलो होतो. टीव्हीवर आकडे आणि सगळ्यांच्या मोबाइलवर धूर. माझी एक बाजू भादरून होईस्तोवर मंडळींनी कारणही ठरवलं होतं. एक म्हणे इंजिन, दुसरा म्हणे पायलट कच्चा. मी आयुष्यभर विमानाखाली पाठ घासली, पण मला काही सांगता येईना.

तूही कँटीनमध्ये बोलू नकोस. जे सांगायचं ते कोर्ट ऑफ इन्क्वायरीत. त्याआधी आज रात्रीच वहीत लिहून काढ: आधी काय तपासलंस, नंतर काय, टॉर्च कोणी धरला होता, मध्येच कोणी हाक मारली का. आठवडा गेला की मित्रांनी सांगितलेलंच आपल्याला आठवायला लागतं. विमानाची कागदपत्रं, तेलाचा नमुना, तेल भरलं तो बाऊजर म्हणजे टँकर, सगळं सील झालं असेल. त्याचा धसका घेऊ नकोस, तशी रीतच आहे. विमानातला रेकॉर्डर इंजिनाचे फेरे सांगेल. पॅनेल आवळताना तुझं लक्ष कुठे होतं, ते त्याला कुठून कळणार?

एकदा संध्याकाळी माझ्या टूलबॉक्समध्ये दहा नंबरचा पाना कमी भरला. विमान उड्डाणाला तयार होतं. सांगू की नको, असं पाच मिनिटं चाललं. शेवटी सांगितलं. विमान थांबलं, पॅनेलं उघडली, रात्र झाली. पाना निघाला माझ्याच डांगरीच्या फाटक्या खिशातून, अस्तरात उतरलेला. सगळी लाइन हसली. सार्जंट हसले नाहीत. त्यांनी सुईदोरा आणला आणि समोर बसवून खिसा शिवून घेतला.

काही राहिलं असेल तर स्वतःहून सांग. शिक्षा होणारच नाही असं मी म्हणत नाही. पण त्याच जातीची बाकीची विमानं आज ना उद्या पुन्हा उडतील, आणि त्यांत बसणारी पोरं तुझ्याच वयाची आहेत.

तुझ्या आईला मी 'कामात आहे' एवढंच सांगितलंय. तिचा विश्वास बसलेला नाही. रविवारी फोन कर.

तुझा,
काका