देश ठरवायच्या आधी परत यायचा हिशोब मांड

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही, व्हॉइस नोटमध्ये बोलले असते तर निम्मं राहून गेलं असतं. तू विचारलंयस, "ताई, मास्टर्सला जर्मनी की अमेरिका, एका शब्दात सांग." एका शब्दात सांगता येतं गं, पण शब्द माझा असणार आणि हप्ता तुझ्या बाबांच्या घरावर असणार, म्हणून जरा लांबड लावते, सवडीनं वाच.

तुझी एक्सेल शीट बघितली. रँकिंग, फी, थंडी किती, आपली मुलं किती, सगळे कॉलम आहेत. एक नाहीये. डिग्री झाली आणि तिथे नोकरी लागलीच नाही, किंवा लागली पण घरच्या कारणानं परत यावं लागलं, तर डोक्यावर कर्ज किती उरेल आणि ते पुण्याच्या पगारात फिटेल का? मला कोणी विचारलं ना की मी याच कॉलमपासून सुरुवात करायला लावते.

का ते सांगते. मी २०१४ ला गेले तेव्हा जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याला, आठ हजार युरोच्या आसपास लागायचे, ट्यूशन फी नव्हती, त्यामुळे कर्ज लहान होतं. शिकले, तिथेच नोकरी लागली, आणि २०१९ ला बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. आई एकटी, भाऊ लहान. मी दोन महिन्यांत सगळं आवरून परत आले कारण येऊ शकत होते, कर्ज फिटलेलं होतं. त्याच वर्षी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची आई गेली, ती अमेरिकेत होती, ४५ लाखांचं कर्ज, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नव्हता, ओपीटीचे, म्हणजे डिग्रीनंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, शेवटचे महिने, बाहेर पडलं तर परत आत घेतील का याची खात्री नाही. ती आली नाही. व्हिडिओ कॉलवर सगळं बघितलं तिनं. ती हुशार होती, कष्टाळू होती, माझ्यापेक्षा चांगल्या युनिव्हर्सिटीत होती. मला ते अजून विसरता येत नाही, म्हणून हा कॉलम.

आता आकडे. तिच्याएवढं ४५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं, महिन्याचा हप्ता येतो ६२ हजार. १५ लाखांचा येतो साधारण २१ हजार. पुण्यात मेकॅनिकलवाल्या फ्रेशरला काय मिळतं ते तुला तुझ्या सीनियर्सनी सांगितलंच असेल. शिवाय साडेसात लाखांच्या वर गेलीस की सरकारी बँक साधारणपणे तारण मागते आणि बऱ्याच बँका शेतजमीन घेत नाहीत, म्हणजे राहतं घर जातं कागदावर. तुझे बाबा हो म्हणतील, ते कशालाही हो म्हणतील, म्हणूनच हे तू बघायचंस.

मग जर्मनीच का, असं वाटेल तुला. थांब, तिथलंही सगळं सांगते.

पहिलं म्हणजे "जर्मनी फुकट आहे" हे डोक्यातून काढ. आत्ता ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो लागतात, म्हणजे १२ लाखांच्या आसपास. ते पैसे तुझेच असतात आणि महिन्याला ९९२ करून मिळतात, पण म्युनिकमध्ये तेवढ्यात खोली आणि जेवण बसवणं फार अवघड, केमनित्झसारख्या पूर्वेकडच्या शहरात बसतं. तू लिस्टमध्ये श्टुटगार्ट आणि कार्लसरुह टाकलंयस, ते बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतं आणि तिथे २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. टीयू म्युनिकनंही २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो. बाकी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत अजूनही फक्त सेमिस्टरची वर्गणी भरायची.

दुसरं, मार्क. ते लोक आपला सीजीपीए बव्हेरियन फॉर्म्युल्यानं बदलतात. दहापैकी दहा टॉप, पास चारला धरलं, तर तुझा ८ असेल तर होतो २.०, आणि ७ असेल तर २.५. तिकडे १ सर्वात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास, उलटं आहे. पुष्कळ कोर्सेस २.५ ला रेषा ओढतात, त्यामुळे तू आधी हे गणित कर, मग युनिव्हर्सिटीची नावं लिही, तुझ्या शीटमध्ये नेमकं उलटं झालंय. तिथे गेल्यावर बहुतेक वेळा पूर्ण विषय एका परीक्षेवर असतो, इंटर्नल वगैरे फारसं नाही, आणि पुष्कळ ठिकाणी एकाच पेपरात तिसऱ्यांदा नापास झालं की नाव काढतात, मग तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. माझ्या बॅचमधला एक मुलगा असा चौथ्या सेमिस्टरला घरी आला. अभ्यासात कच्चा नव्हता, रात्री गोडाऊनमध्ये पार्सलं लावायचा आणि सकाळी पेपरला बसायचा. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे म्हणून १४० दिवस करायलाच पाहिजे असं नाही गं.

तिसरं, आणि यावर मी हट्टानं बोलणार आहे, भाषा. कोर्स इंग्लिशमध्ये आहे म्हणून जर्मन लागत नाही असं तुला त्या सीनियरनं सांगितलंय, तो अजून शिकतोय, नोकरी शोधत नाहीये. सॉफ्टवेअरवाल्यांचं एक वेळ निभतं. मेकॅनिकलमध्ये शॉपफ्लोअरवरचा माणूस तुझ्याशी जर्मनच बोलणार, आणि बी-टू नसेल (ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत्या पायऱ्या असतात भाषेच्या) तर इंटरव्ह्यूपर्यंतसुद्धा जाणं कठीण. त्यात तिथली गाड्यांची इंडस्ट्री सध्या अडचणीत आहे, फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते भरपूर वाटतात, पण त्यात भाषा शिकायला सुरुवात करणारे मी बघितलेत आणि त्यांचे १८ महिने कसे गेले तेही बघितलंय. आत्ता तुझ्याकडे वर्ष आहे. पुण्यात बोट क्लब रोडला जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, ए-वनला बस, इथूनच बी-वन करून जा.

आणि माझ्या त्या कॉलमकडे परत येते. जर्मन ही भाषा परत आल्यावरही कामाला येते. चाकणला, पिंपरी-चिंचवडला जर्मन कंपन्या आणि त्यांचे सप्लायर किती आहेत तू बघतेसच. मी परत आले तेव्हा माझ्या डिग्रीपेक्षा माझं जर्मन जास्त उपयोगी पडलं, आजही माझा अर्धा दिवस तिकडच्या लोकांशी बोलण्यात जातो.

अमेरिकेला मी वाईट म्हणत नाहीये, रिसर्चला अजूनही तोड नाही. तुला तिथे पूर्ण फंडिंगची पीएचडी मिळत असेल तर हे पत्र मिट आणि जा. पण कर्ज काढून मास्टर्स म्हणजे तुझं सगळं गणित ओपीटीच्या १२ अधिक स्टेमच्या, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना वाढवून मिळणाऱ्या, २४ महिन्यांवर आणि मग एच-वन-बीच्या वर्षाला ८५ हजार जागांच्या लॉटरीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एकदम एक लाख डॉलर फी जाहीर झाली, सगळीकडे घबराट, मग महिन्याभरानं खुलासा आला की तिथेच स्टुडंट व्हिसावर असणाऱ्यांनी स्टेटस बदललं तर ती लागत नाही. तो महिना पोरांनी कसा काढला असेल. इतर देशांतही तेच, कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आणली आणि नोव्हेंबरमध्ये लवकर व्हिसा मिळायची एसडीएस स्कीम एका दिवसात बंद केली, यूकेचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा २०२७ पासून दीड वर्षाचा होतोय, ऑस्ट्रेलियाची व्हिसा फी वर्षभरात ७१० वरून १,६०० आणि मग २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. जाताना जो नियम असतो तो बाहेर पडताना असेलच असं नाही. जर्मनीचेही बदलतील. फक्त कर्ज लहान असेल तर नियम बदलल्यावर माणूस उभा राहतो.

हो, आणि तो परदेशातल्या ॲडमिशनवाला कन्सल्टंट. तो तुझ्याकडून पैसे घेत नाही म्हणून बाबांना फार चांगला वाटला. त्याला कमिशन युनिव्हर्सिटी देते. जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांकडून असं कमिशन मिळत नाही, म्हणून त्यानं तुला बर्लिनची खासगी दाखवली जिथे वर्षाला दहा-बारा हजार युरो फी आहे. त्याच्यावर रागावू नकोस, पण सही करू नकोस. अर्ज स्वतः भरता येतात, मी बसते तुझ्याबरोबर.

तुझ्या रूममेटलाही एक सांग, तिला अमेरिका-यूकेची फी परवडत नाही म्हणत होतीस ना. ती अनुसूचित जातीची आहे, तिच्यासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट सगळं मिळतं, जागा ७५ च आहेत पण तिचे मार्क बघता तिनं अर्ज न करणं मला पटत नाही. तिचं गणित तुझ्यापेक्षा पूर्ण वेगळं होईल आणि तिनं मग जर्मनीच्या मागे लागायचं कारणही नाही.

तुझ्यासाठी आत्ताचं काम म्हणजे एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या मार्कशीट्स-डिग्री खऱ्या आहेत याची तपासणी करून मिळणारा दाखला. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याला ते जर्मनीच्या व्हिसासाठी कंपल्सरी आहे, फी १८ हजार आणि यायला कितीही आठवडे लागू शकतात, त्यामुळे मार्कशीट्स आधी जमव, पाचव्या सेमिस्टरची तुझी डुप्लिकेट काढायची राहिलीये ती काढ.

रविवारी ये घरी, बाबांना घेऊन ये. कर्जाचं त्यांच्याशी तुझ्यासमोर बोलायचंय मला, तुझ्या पाठीमागे नाही. आई पुरणपोळ्या करणार आहे, आणि लॅपटॉप आण, तो कॉलम आपण तिघं मिळून भरू.

ताई