छोट्या वर्कशॉपसाठी धातू कापायचा बँडसॉ स्वस्तातला घ्यावा की चांगल्या प्रतीचा?

तुम्ही लिहिलंय, बँडसॉवर, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या फितीसारख्या ब्लेडच्या करवतीवर, दिवसाला पंधरा-वीस कट, बहुतेक एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद), मध्येच कधी स्टेनलेस, बजेट दीड लाख. आणि दुकानदार म्हणतोय, "यातच सगळं कापलं जातं, जास्तीचे पैसे कशाला घालता?" हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. २०११ साली हेच वाक्य आमच्या ऑफिसात बोललं गेलं होतं, आणि त्यापायी आमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर काम सोडून गेला.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: स्टेनलेस कापणार असाल, महिन्यातून चार दिवस का होईना, तर स्वस्तातला घेऊ नका. पैसे साठवा, आणि तोवर माल बाहेरून कापून आणा.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं आणि मोठ्या भावाचं मशीन शॉप. त्याला मी दादा म्हणतो, इथेही तेच म्हणेन. घर दांडिया बाजारात. आजोबा कलाभवनात शिकलेले. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो, सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ती तंत्रशिक्षणाची शाळा. आमच्या विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी पुढे तिच्यातूनच झाली. आजोबांचा सहा इंची स्टीलचा गुण्या, काटकोन तपासायचा, अजून आमच्याकडे आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तो पुढे येईल.

तेव्हा आमच्याकडे जुना पॉवर हॅकसॉ होता. तो एकाच दिशेला कापतो, परत येताना रिकामा येतो. ९० मिमीचा बार लावून चहा पिऊन यावं तर कट जेमतेम अर्ध्यावर पोचलेला. बँडसॉ घ्यायचा हे दोघांचं ठरलं. मी डबल कॉलमचं, म्हणजे करवत दोन खांबांवर सरळ खाली येते ते मशीन बघून आलो होतो, साडेचार लाखांचं. दादाने परस्पर एक लाख पंधरा हजारांचं, बिजागरीवर खाली येणारं हलकं मशीन टेम्पोत घालून आणलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "चालशे." बडोद्यात राहणाऱ्याला या शब्दाचा अर्थ सांगायला नको, बाकीच्यांसाठी: 'चालेल'. इथले निम्मे कारखाने या एका शब्दावर उभे आहेत, आणि निम्मे याच शब्दाने बसले.

पहिले तीन महिने खरंच चाललं. अँगल, पाइप, ४० मिमीपर्यंतचे एमएस बार, सगळं सरळ कापलं जायचं. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन दाखवायचा.

मग एका पार्टीची ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या स्लीव्हची ऑर्डर आली. ९० मिमीचा राउंड बार, १६० नग, तयार लांबी ६० मिमी. आम्ही ६२ वर कापायचं ठरवलं, दोन्ही तोंडांना एकेक मिमी फेसिंगला, म्हणजे लेथवर तोंड सपाट करायला. कापायला आमचे जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. बाबांच्या वेळेपासूनचे, बावीस वर्षं आमच्याकडे. प्रत्येक तुकड्याला व्हर्नियर लावणारा माणूस. बासष्ट, बासष्ट, बासष्ट पूर्णांक एक. सत्तर तुकडे कापून झाले आणि पहिला तुकडा लेथवर चढला.

एक तोंड साफ झालं. तुकडा उलटून दुसरं तोंड घेतलं, ६० आलं, तरी एका कडेला करवतीच्या खुणांची चंद्रकोर शिल्लक होती. ती जाईपर्यंत घेतलं तर ५९. दुसरा तुकडा तसाच. दहावा तसाच.

दादा बाहेर आला. सगळ्यांसमोर काकांना म्हणाला, "माप बघता येत नाही तर सांगायचं होतं. डोळे तपासून घ्या." काका एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्हीच लावून बघा." दादाने लेथवर न चढलेल्या ढिगातला एक तुकडा उचलून व्हर्नियर लावला. बासष्ट. त्यावर दादाचं म्हणणं, मग लेथवाला खोटं बोलतो काय. काकांनी पुढे वाद घातला नाही. महिना भरला, वाया गेलेल्या मालापायी पगारातून कापलेले पैसे त्यांनी मोजले, टूलच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. मी तिथे उभा होतो. काही बोललो नाही.

त्या रात्री घरी जाऊन आजोबांचा गुण्या घेऊन आलो आणि तुकड्याला लावला. तोंड वरून खालपर्यंत ३ मिमी झुकलेलं.

हे नीट समजून घ्या, कारण अर्ध्या जीआयडीसीला हे माहीत नाही. बँडसॉ वाकडा जातो तेव्हा लागोपाठचे कट सारखेच वाकडे जातात. मागचा कट खाली पोचेपर्यंत ३ मिमी सरकलेला, पुढचाही ३ मिमी, त्याच बाजूला. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर राहतात. तुकडा होतो तिरक्या कापलेल्या काकडीच्या चकतीसारखा. व्हर्नियर कुठेही लावा, ६२च दाखवणार. पण तोंडं काटकोनात आणायला गेलात की त्यातले ३ मिमी जातात आणि हाती उरतात ५९. काकांनी एकही माप चुकीचं घेतलं नव्हतं. जे चुकलं होतं ते व्हर्नियरला दिसतच नाही.

आता वाकडं का गेलं. ब्लेड म्हणजे फीत आहे, ती सरळ राहते ती फक्त ताणामुळे. बायमेटल ब्लेडला (पाठ लवचिक पोलादाची, दात कठीण पोलादाचे) चौरस मिलिमीटरला वीस किलोच्या आसपास ताण लागतो. २७ मिमी रुंद आणि ०.९ जाड ब्लेडचा छेद झाला सुमारे २४ चौरस मिलिमीटर, म्हणजे पाचशे किलोला थोडं कमी. आणि चाकाला ब्लेड दोन बाजूंनी ओढतं, तेव्हा चाकाच्या शाफ्टवर जवळपास एक टन. मशीनची चौकट ही ओढ रोज दहा तास सोसते. आमच्या मशीनची चौकट पत्रा वाकवून केलेली होती. ब्लेड पुरतं ताणलं की चौकटच जराशी पिळली जायची, म्हणून काका ताण कमी ठेवायचे, नाहीतर ब्लेड चाकावरून उतरायचं. स्वस्त मशीनमध्ये पैसे वाचवले जातात ते इथे, आणि रंगाखाली ते दिसत नाही.

एमएसमध्ये ढिलं ब्लेड खपून जातं. ३१६ मध्ये नाही. हा धातू घासला की कडक होतो. दात आत घुसून कीस काढत राहिले पाहिजेत. ते नुसते घासले की तिथला थर कडक होतो आणि पुढचा दात त्याच्यावरून घसरतो. म्हणून वेग कमी आणि दाब एकसारखा लागतो. ३१६ ला मिनिटाला तीसेक मीटर वेग बरा पडतो. आमच्या मशीनची सगळ्यात हळू पुली ४५ मीटरची. खाली येणं हायड्रॉलिक सिलिंडरवर नाही, स्प्रिंगवर, म्हणजे कट जसा खाली जातो तसा दाब बदलतो. गाइड, म्हणजे ब्लेडला धरून ठेवणारा आधार, कापायच्या बारजवळ आणायचा तर त्याचा हात पूर्ण सरकायचाच नाही, ब्लेडचा वीतभर भाग मोकळा. वेग जास्त, ताण कमी, दाब अस्थिर, आधार लांब. अशा वेळी ब्लेड सरळ जाईल कसं?

दादा आजही म्हणतो की माणूस थकला होता, मशीन ठीक होतं. लग्नकार्यात भेटलो तरी हा विषय निघतो. म्हणून त्याच्यासाठी हिशेब इथे मांडून ठेवतो. गोल बारचं वजन काढायचं सूत्र त्यालाही पाठ आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला किलो. ९० चा वर्ग ८१००, भागिले १६२, पन्नास किलो. म्हणजे एकेक मिमीला पन्नास ग्रॅम. स्टेनलेसमध्ये किंचित जास्तच. ६२ मिमीचा तुकडा तीन किलोच्या वर. सत्तर तुकडे म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास ३१६ भंगारात. राहिलेले नव्वद नग मग आम्ही ६५ वर कापले, म्हणजे नगामागे दीडशे ग्रॅम जास्त, आणि तो वाकडेपणा काढायला लेथचा वेळ वेगळा. तीन लाख पस्तीस हजार वाचवले म्हणून तू पेढे वाटले होतेस, दादा. ते एक लाख पंधरा हजारांचं मशीन त्या एका ऑर्डरनंतर आम्हाला त्याहून बरंच महाग पडलं होतं. आणि मी यात काकांची बावीस वर्षं धरलेलीच नाहीत.

२०१३ मध्ये मी बँकेचं कर्ज काढून डबल कॉलम घेतलं. १५० चा बार कापला तरी गुण्याखालून उजेड दिसतो न दिसतो एवढाच फरक. तेव्हापासून ब्लेड कशाने वाकडं गेलं यावर आमच्याकडे कुणाला बोलणी खावी लागलेली नाहीत.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. मशीन बघायला जाताना कॅटलॉग वाचत बसू नका. स्वतःचा बार घेऊन जा, तुम्ही कापणार असाल त्यातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात कठीण, आणि सोबत गुण्या. लागोपाठ पाच कट मारून घ्या, पाचव्याला गुण्या लावा. विकणारा कापू देत नसेल तर चहा घेऊन परत या. सगळ्यात हळू वेग किती ते आकड्यात विचारा, 'स्लो आहे' हे उत्तर नाही. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग हवा तसा बदलणारा ड्राइव्ह, असेल तर उत्तम. खाली येण्याचा वेग व्हॉल्व्हने कमी-जास्त होतो का ते हाताने फिरवून बघा. गाइडमध्ये नुसत्या बेअरिंग आहेत की कार्बाइडच्या पट्ट्याही आहेत, ते वाकून बघा. ब्लेडची रुंदी २७ असेल तर कुठल्याही ब्लेडवाल्याकडे कॉइलमधून कापून वेल्ड करून मिळतं. १३ मिमी ब्लेडची, टेबलावर मावणारी छोटी मशीनं पाइप आणि पट्टीसाठी ठीक, जाड सॉलिड बार त्यांचं काम नाही. कूलंट, चिप साफ करायचा ब्रश वगैरे बहुतेकांना असतं, त्यात अडकू नका.

दीड लाखात नवं चांगलं मिळत नाही. जुनं मिळतं. बंद पडलेल्या कारखान्यातलं, कास्टिंगच्या बॉडीचं, वजनदार, रंग उडालेलं मशीन मी नव्या चकचकीत पत्र्यापेक्षा केव्हाही आधी घेईन. गिअरबॉक्स मात्र उघडून बघा, आतलं वर्म व्हील (दातेरी चाक) बहुधा ब्रॉन्झचं असतं आणि झिजतं.

आणि हो, तुम्ही फक्त एमएस अँगल-पाइप कापणार असाल, स्टेनलेसचं नावही नसेल, तर वर लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. आमचं ते मशीन अजून एका गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडे चालतंय, आणि त्याची काही तक्रार नाही.

एक गोष्ट आजवर दादाला सांगितलेली नाही, ती इथे सांगतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्या दिवशी मशीनवर जे ब्लेड होतं ते मशीनसोबत फुकट आलेलं, १०/१४ दातांचं. म्हणजे इंचाला दहा ते चौदा दात, पातळ पाइपसाठीचं. ९० च्या सॉलिड बारमध्ये असे चाळीसेक दात एका वेळी आत असतात. किसाला निघायला जागा नाही, दाब चाळीस दातांत वाटला जातो, कुठलाच दात घुसत नाही. तिथे ४/६ किंवा ३/४ दातांचं ब्लेड पाहिजे. काकांना हे माहीत होतं. ऑर्डर सुरू व्हायच्या आधी त्यांनी ते दोनदा मागितलं होतं, आणि ब्लेड मागवायचं काम दादाचं नव्हतं, माझं होतं. मी दोन्ही वेळा उद्या म्हणालो. बरोबर ब्लेड असतं तर त्या मशीनवरही कट कदाचित दीड मिमीच झुकला असता, ६२ मधून साडेसाठ उरले असते आणि सत्तरच्या सत्तर तुकडे पास झाले असते. मशीन त्यामुळे चांगलं ठरत नाही, माझं मत तेच आहे. पण तुम्ही कोणतंही घेतलंत तरी सोबत आलेलं ब्लेड पहिल्याच दिवशी काढून बाजूला ठेवा, जो माणूस कापणार आहे त्याला विचारा की किती दातांचं हवं, आणि तो सांगेल ते त्याच दिवशी मागवा.